निपाणी : तंबाखूच्या वखारींचं गाव

बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर, कोल्हापूर जिल्ह्याला अगदी खेटून आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. बोलीभाषा मात्र मराठीच राहिली. इथल्या पोरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात. कॉलेजसाठी रोज राज्य ओलांडायचं, त्याचं कुणाला अप्रूपही वाटत नाही.

गाव वाढलं ते विडीच्या तंबाखूवर. भोवतालच्या काळ्या रानातला माल इथल्या वखारीत येतो. तो चाळायचं, निवडायचं काम बायकांचं, आणि नाकातोंडात जाणारी धूळही त्यांच्याच वाट्याची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या बायका संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर'ने १९८२ साली 'तंबाखू चाखिला ओब आली' हा माहितीपट केला.

त्याच सुमारास शेतकरीही पेटला होता. पीक त्याचं, दर व्यापाऱ्याचा! शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, रस्त्यावरच ठाण मांडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शेतकरी मारले गेले. त्यांना इथं आजही हुतात्मे म्हणतात.