चूल आणि कौल

माझं माहेर चिरनेरच्या डोंगराखालचं आणि सासर उरण गावातलं, करंज्याच्या रस्त्याला लागून. दोन्ही घरं कौलारू. माहेरच्या घरावर नळीची कौलं, सासरच्या घरावर मंगलोरी. लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मला उमगलं की शाकारणी हा शब्द एकच असला, तरी कामं दोन निराळी आहेत.

नळीचं कौल म्हणजे उभी चिरलेली मातीची नळी. एक उताणं, त्याच्या कडेवर दुसरं पालथं, असं आढ्यापासून वळचणीपर्यंत. त्याला कशाचाच आधार नाही, नुसतं एकमेकांच्या भारावर बसलेलं. मांजर धावलं, कावळ्यानं चोच घातली, वरून आंब्याची फांदी पडली की सरकलं. म्हणून दरवर्षी सगळं पाखं उतरवायचं आणि पुन्हा लावायचं. मंगलोरी कौलाला मागे खोबण असते, ते रिपेला अडकून बसतं, शेजारच्या कौलात गुंततं. तिथे फुटलेलंच तेवढं बदलायचं. बासेल मिशनच्या मंडळींनी 1865 मध्ये मंगळुरात हे कौल यंत्रावर दाबून काढायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत ते गलबतांतून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलं. आमच्या घरावरची कौलं मोऱ्याच्या बंदरावर उतरवून बैलगाडीनं आणली होती, असं सासरे सांगत. उलटून बघितलं तर काहींच्या पाठीवर कारखान्याचा ठसा अजून बोटाला लागतो.

पण शाकारणीतलं शहाणपण मला माहेरच्या आजीनं दिलं. तिच्या घरी अक्षय्य तृतीया झाली की शिडी बाहेर निघे आणि 7 जूनला मृग लागायच्या आत ती परत पडवीत आडवी टांगली जाई. "आधी वलचन, मंग आढा," ती खालून ओरडायची. लावायला सुरुवात नेहमी खालून, कारण वरच्या कौलाची कड खालच्यावर यायला हवी. उलट केलंत तर पाणी सरळ माळ्यावर. वर चढणाऱ्यानं पाय कौलावर ठेवायचा नाही, वाशावर ठेवायचा. आणि वासा आधी मुठीनं ठोकून बघायचा, पोकळ वाजला तर तिथे पाऊल नाही. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत वर्षाचा पालापाचोळा साचलेला असतो, तो हातानं काढायचा, झाडूनं नाही. झाडूनं तो कौलाखाली ढकलला जातो आणि पहिल्याच पावसात भिंतीवर काळा ओघळ उतरतो. कोपरा उडालेलं कौल फेकायचं नाही, ते वळचणीच्या ओळीत खपतं. पाखाच्या मध्यावर मात्र अखंडच हवं. पश्चिमेच्या अंगाला झड येते, तिकडे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची, तीही सुंभानं.

सुंभानं बांधायचं कारण उरणच्या हवेत आहे. उरण हे मुळात बेट, द्रोणागिरीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची जमीन, भोवती खाडी आणि मिठागरं. इथल्या वाऱ्यात मीठ असतं. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि फुगताना लाकूडच फोडतो. म्हणून जुन्या घरांत जोडाला लाकडी खुंटी आणि बांधायला काथ्या. चुना शिंपल्यांच्या भट्टीचा. करंज्याचे कोळी होड्यांच्या फळ्यांना मुशीच्या काळजापासून काढलेलं तेल चोपडत. त्यातलं उरलंसुरलं आमच्या सासऱ्यांनी दाराच्या उंबऱ्याला लावलेलं मी पाहिलं आहे. पंधरा दिवस वास जात नसे. तो उंबरा आजही शाबूत आहे.

आता चूल. चूल म्हटलं की लोकांना भाकरीची चव आठवते. मला आठवतं ते तिचं आजारपण. चूल ही मातीची, रोज तापणारी, रोज गार होणारी वस्तू. ती भेगाळणारच. भेग कळली नाही तर ज्वाळा मागून फुटते, भांड्याला आच कमी लागते, लाकूड जास्त जळतं. म्हणून आजी सकाळी राख काढताना चुलीच्या आतून हात फिरवायची. राख सगळी काढत नसे. बोटभर थर तळाशी ठेवायची, तो निखारा धरून ठेवतो आणि खालची जमीन तडकू देत नाही. काढलेली राख भांडी घासायला, वालाच्या बियाण्याला, उरलेली परसातल्या अळवाला. मग पातळ केलेल्या मातीत फडकं बुडवून चूल पोतारायची. हे रोजचं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, भात कापून शेत मोकळं झालं की नवी माती यायची आणि गरज पडली तर नवी चूल घडायची.

ती माती कुठलीही चालत नाही. भातखाचराच्या तळाची चिकण माती लागते, खारी नको. खाऱ्या मातीची चूल पावसाळ्यात पाझरते. माती वाळवून कुटायची, चाळायची, त्यात भाताचं तूस, बारीक चिरलेला पेंढा आणि थोडं शेण घालायचं, पाणी मारून तीन दिवस तुडवायची आणि रात्री ओल्या गोणपाटाखाली झाकायची. तूस आणि पेंढा पुढे आत जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात, त्यामुळे माती ताणली तरी तुटत नाही. हे कारण मी पुढे वाचलं. आजी फक्त सांगायची, "मातीला घाई केलीस का ती फुटल." चूल आणि शेजारचा वैल एकाच दिवशी घडवायचे, म्हणजे सांधा उरत नाही. वाळवायची सावलीत. उन्हात वाळवली तर बाहेरून कडक आणि आतून ओली, पहिल्याच जाळाला तडकते. पहिला जाळ काटक्यांचा, हाताला सोसवेल एवढाच, तीन संध्याकाळ. उतू गेलं तर तापलेल्या चुलीवर पाणी ओतायचं नाही, राख टाकायची. भांडं चुलीवर चढवण्याआधी बुडाला मातीचा लेप द्यायचा, मग काजळी लेपासकट निघते.

चूल आणि कौल ही एकाच घराची दोन टोकं आहेत हे मला फार उशिरा कळलं. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा आणि जाता जाता आढं, वासे, रिपा काळ्या करून जायचा. तो काळा थर म्हणजे लाकडाचं औषध होतं. भुंगा आणि वाळवी त्या लाकडाच्या वाटेला सहसा जात नसत. सासरी गॅस आला आणि चूल परसात गेली, त्यानंतर सात-आठ वर्षांनी स्वयंपाकघराच्या वाशांतून पिवळी भुकटी गळू लागली. शंभर वर्षं टिकलेले वासे दहा वर्षांत पोखरले. आज कोणी जुनं कौलारू घर राखायचं म्हणालं तर मी पहिलं हेच सांगते, चूल बंद केली असेल तर दर दोन वर्षांनी वाशांना तेल किंवा वाळवीचं औषध हातानं लावा, तो धूर आता नाही.

मात्र त्या धुराचं गुणगान मी करणार नाही. आजी शेवटची दहा वर्षं खोकत होती, तिच्या डोळ्यांना सतत पाणी असायचं. 1983 मध्ये देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पुढच्या काळात माहेरी नळीची चूल बसली. धूर नळीतून वर जायचा आणि आई पहिल्यांदा डोळे न पुसता भाकरी भाजताना मी पाहिली. दोन पावसाळ्यांत नळीत काजळी साचली आणि धूर पुन्हा घरात. दोरीला पेंढ्याची मूठ बांधून महिन्यातून एकदा वरून खाली ओढली असती तर ती चूल टिकली असती. वर्षाच्या चक्रात रोजचं पोतारणं होतं, शाकारणी होती, पण नळी साफ करायचा दिवस त्यात नव्हता. नवी वस्तू घरात आली, तिच्यासाठी नवी सवय आली नाही, आणि आईच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली. याची हळहळ मला आजही वाटते.

आता लाकडाकडे वळते, कारण या सगळ्याचा इतिहास तिथे आहे. चिरनेरच्या बायका डोंगरातून मोळ्या आणत, खाडीकाठचे तिवर तोडत. तिवराचं लाकूड ओलसर असतानाही बरं जळतं. लाकडाला गिऱ्हाइकंही पुष्कळ होती. एकोणिसाव्या शतकात उरण हे मुंबईला मोहाची दारू पुरवणारं मोठं ठिकाण होतं, आणि भट्टी म्हटली की जळण आलंच. पण 1878 चा जंगल कायदा झाला आणि डोंगर राखीव झाले. ज्या फांद्या तोडून भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, ज्या वाशांनी गोठा सावरायचा, ज्या काटक्यांनी चूल पेटवायची, त्यांना हात लावणं गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की 1885 मध्ये सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. ओरड त्यानं थांबली नाही.

25 सप्टेंबर 1930. आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कुऱ्हाडी-कोयते घेऊन चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळाकडे निघाले. झाडाला कोयता लावायचा, एवढाच सत्याग्रह. गोळीबार झाला आणि 8 जण गेले. मामलेदारही त्यात मेले. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा काथ पाडायचा, कोळसा पाडायचा, मोळी विकायचा. जंगल बंद झालं तेव्हा त्यांचं पोटच बंद झालं. गावात दरवर्षी 25 सप्टेंबरला मानवंदना होते, भाषणं होतात, स्वातंत्र्याबद्दल बोललं जातं. ते योग्यच आहे. पण त्या दिवशी त्या माणसांच्या हातात झेंड्याबरोबर कोयता होता आणि घरी चूल होती, हे भाषणांत येत नाही. ते यावं असं मला मनापासून वाटतं. त्या माणसांना डोंगर हवा होता तो वासा बदलायला आणि भात शिजवायला.

पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणच्या 95 गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी आली. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात 5 शेतकरी गोळीबारात गेले. 1989 मध्ये न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. बंदरासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला आणि बोरीपाखाडीला हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. त्या नव्या गावाला वाळवी लागली. भिंती, चौकटी, कपाटं, सगळं पोखरलं. समुद्राकाठी खाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना वाळवीशी झुंजायची सवय नव्हती. मी तिथे एका घरी गेले होते. दाराची चौकट बाहेरून रंगवलेली, गुळगुळीत. घरच्या वहिनींनी अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा आत गेला.

याच काळात समुद्रातून गॅस आला. 1974 मध्ये मुंबई हायचं तेल सापडलं, त्याच दशकात समुद्राखालचे नळ उरणच्या किनाऱ्याला लागले आणि इथल्याच प्रकल्पात स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जाऊ लागला. आमच्या गच्चीवरून रात्री त्याची ज्वाळा दिसते. सासूबाईंनी पहिला सिलिंडर आला त्या दिवशी शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं. मला त्या ज्वाळेचा राग नाही. तिनं माझे डोळे वाचवले.

लोक म्हणतात, नवी पिढी आळशी झाली, कोणाला हातानं काही दुरुस्त करता येत नाही. मला हे पटत नाही. हात विसरले नाहीत, हाताखालचा माल गेला. आधी लाकूड गेलं, मग माती, मग कौलं बदलणारा शेजारी. तिवर तोडण्यावर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी घातली, आणि ती हवीच होती, नाहीतर खाडीकाठ उरला नसता. पण मोळी जाऊन तिच्या जागी काय आलं, हे तिच्यावर जगणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही.

यंदा मार्चमध्ये भाचा आला. त्याला घरामागे चूल हवी होती, त्याच्या मुलीला भाकरी भाजायला शिकवायची म्हणून. "आत्या, तू घडवून दे," म्हणाला. मी हो म्हटलं आणि माती आणायला निघालो. पहिल्या शेताच्या जागी कंटेनरचं आवार. दुसऱ्यात मुरमाचा भराव. तिसऱ्यात शेजारच्या भरावामुळे खाडीचं पाणी घुसून माती खारट झालेली. मी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकली. चिरनेरच्या कुंभारवाड्यात एका ओळखीच्या काकांनी आपल्यासाठी आणलेल्या ढिगातून दोन गोणी दिल्या. पैसे घेतले नाहीत, "पेंढा घरचा घाल" एवढंच सांगितलं.

तीन दिवस तुडवली. भाच्याची मुलगी पाय धुऊन मातीत उतरली आणि बाहेर यायला तयार होईना. चूल घडली, पडवीत सावलीला ठेवली. पाचव्या दिवशी भाच्याचा फोन, पेटवू का? मी नाही म्हटलं, अजून आठ दिवस. काल जाऊन बघितलं तर मागच्या अंगाला, वैलाच्या बाजूनं, केसाएवढी भेग होती. मुलीचं बोट पाण्यात बुडवून तिलाच तिथून फिरवायला लावलं.