सुरम्याच्या खड्याची दुसरी ओळख

बाजारात सुरमा म्हणून विकला जाणारा काळा चमकदार खडा पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असतो. (डोळ्यांना तो अपायकारकच, हे वेगळे.) याच खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्-लहरी टिपल्या. त्या शोधाचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत या सल्फाइडचे पातळ थर अवरक्त किरण ओळखण्यास वापरले गेले. ऑक्सिजनचा संस्कार झाल्यावर थराची संवेदनशीलता वाढते, असे तेथे आढळले. पृष्ठभागाला वायू चिकटला की वीजवहन बदलते, ही वायू-संवेदकाचीच मूळ कल्पना होय.

तरीही व्यवहारात बाजी मारली ऑक्साइडांनी. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेल्या संवेदकासाठी पेटंट-अर्ज केला. गॅसगळतीची सूचना देणारी घरगुती उपकरणे त्यातूनच आली. मात्र हा संवेदक काहीशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. इतक्या उष्णतेत सल्फाइडे हवेत स्वतःच ऑक्साइड होऊ लागतात. त्यामुळे ती मागे पडली, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

संवेदक नखाएवढा करून छोट्या बॅटरीवर चालवायचा, तर तापवण्याचा हा खर्च परवडत नाही. २०१४ मध्ये चीनमधील संशोधकांनी शिशाच्या सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण चक्क कागदावर पसरले व खोलीच्या तापमानालाच नायट्रोजन डायऑक्साइड ओळखून दाखवला. हा वायू पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि थराचा विद्युत्-रोध घटतो. अडचण टिकाऊपणाची आहे; दमट हवेत थर हळूहळू बदलतो आणि मोजमाप सरकते. शिवाय शिसे विषारी, म्हणून कथिल व मॉलिब्डेनम यांच्या सल्फाइडांवरही काम चालू आहे.