आपत्तिपट : पुनरुज्जीवन आणि आकर्षण

१९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ हे जहाज अटलांटिक महासागरात बुडाले आणि सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. महिना उलटतो न उलटतो तोच या दुर्घटनेवरील ‘सेव्हड फ्रॉम द टायटॅनिक’ हा मूकपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याची नायिका डोरोथी गिब्सन ही त्याच जहाजावरून बचावलेली अभिनेत्री होती आणि त्या रात्री अंगावर असलेलेच कपडे तिने चित्रीकरणात वापरले होते. आपत्ती आणि तिचे दर्शन यांतील अंतर इतके थोडे असावे, ही गोष्ट अस्वस्थ करणारी खरी. तथापि आपत्तिपटाच्या आकर्षणाचे मूळ शोधताना तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हे आकर्षण केवळ विध्वंसाचे असते, तर यंत्रकौशल्य जुने होताच ते ओसरले असते. १९७० च्या ‘एअरपोर्ट’नंतर हॉलिवुडमध्ये आपत्तिपटांची लाट आली. ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये (१९७२) कप्तानाचा सल्ला डावलून मालकांचा प्रतिनिधी जहाज वेगाने हाकण्याचा आग्रह धरतो, ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये (१९७४) खर्च वाचविण्यासाठी गगनचुंबी इमारतीत निकृष्ट विजेच्या तारा बसविल्या जातात. दोन्हीकडे लाट वा आग हे निमित्त. अपराध माणसाच्या लोभाचा. त्याच १९७४ च्या ऑगस्टमध्ये वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पद सोडावे लागले होते. अधिकारपदस्थांवरील विश्वास ढळलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरील ही बेपर्वाई ओळखीची वाटली असल्यास नवल नाही.

पुढे या चित्रपटांचा साचा झाला. १९८० च्या ‘एअरप्लेन!’ने त्याची यथेच्छ थट्टा केली आणि ही लाट ओसरली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते १९९६ च्या ‘ट्विस्टर’पासून. संगणकनिर्मित प्रतिमांमुळे वादळे, ज्वालामुखी, उल्कापात हे सारे पडद्यावर साकारता येऊ लागले. परंतु या नव्या पर्वातील सर्वांत प्रभावी चित्रपट शेवट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या कथेवर आधारलेला होता. जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘टायटॅनिक’ला (१९९७) ११ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यातील जहाजाच्या महाकाय भंगापेक्षाही भेदक आहे तो एक साधा हिशेब. जहाजावर सुमारे २,२०० माणसे आणि जीवनरक्षक नौकांत जागा मात्र १,१७८ जणांची. कोण तरणार आणि कोण बुडणार, याचा निर्णय काही अंशी हिमनगापूर्वीच झालेला होता.

भारतीय चित्रपटालाही हा प्रश्न परका नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील कोळशाच्या खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार मरण पावले. या घटनेच्या छायेत यश चोप्रा यांचा ‘काला पत्थर’ (१९७९) उभा राहिला. त्याचा नायक संकटात जहाज सोडून आल्याचा कलंक घेऊन खाणीत उतरलेला कप्तान आहे. त्याला प्रायश्चित्ताची संधी मिळते, खाणमालकाचा लोभ उघडा पडतो, काही जीव वाचतात. वास्तव इतके उदार क्वचितच असते. केरळमधील २०१८ च्या महापुरावरील ‘२०१८’ (२०२३) या मलयाळम चित्रपटाने याहून निराळी वाट धरली. आपल्या होड्या घेऊन धावून आलेल्या कोळ्यांसह सामान्य माणसांचा समूहच तेथे नायक ठरला.

आपत्तिपटाच्या चिरंतन आकर्षणाचे रहस्य या रचनेत आहे. इशारा कोणी दिला, तो कोणी डावलला, कोण धावून आले, याची स्पष्ट उत्तरे तो अडीच-तीन तासांत देतो. दुर्घटनाग्रस्तांना तीच उत्तरे मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे चौकशी समित्या आणि न्यायालये यांच्या दारी खेटे घालावे लागतात. चित्रपटगृहात लाभणारे समाधान म्हणूनच फसवे ठरू शकते. पण ज्या आपत्तिपटात नौकांचा तो अपुरा हिशेब प्रेक्षकाच्या मनात घोळत राहतो, त्याने केवळ भयाचे मनोरंजन केले, असे म्हणता येणार नाही.