सकळ लिपीपासून खुल्या मजकुरापर्यंत

यवतमाळात ग्रंथांविषयी बोलावयाचे म्हणजे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचे स्मरण आधी केले पाहिजे. १९२५ साली त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शारदाश्रम ही संस्था त्यांनी याच गावी उभारली आणि जुन्या पोथ्यांच्या शोधात आयुष्य वेचले. आजचा विषय ऐकायला अगदी नवा वाटेल. संगणकावरील ई-पुस्तक उलगडून त्याचा संपादन करता येण्याजोगा, खुल्या मानकातला मजकूर कसा करावा, हा तो विषय होय. परंतु बंद पुस्तक उघडण्याची ही खटपट आपल्या प्रांताला नवी नाही. तिचा इतिहास देशपांडे यांनी ज्या पोथ्या हाताळल्या त्या पोथ्यांपासूनच सुरू होतो.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांना विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे या कार्याचे क्षेत्र. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा जुळविली, असे पंथाची परंपरा सांगते. एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले ते त्यामुळे. एकच प्रत असली की ग्रंथाचा जीव टांगणीला लागतो, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा लिपीचा. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिण्यास आरंभ केला. ‘सह्याद्रिवर्णना’चे कर्ते रवळोबास यांच्याकडे सकळ लिपीचे जनकत्व परंपरेने दिले जाते. सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही लिप्या निघाल्या. सकळ लिपीचे तत्त्व सोपे आहे : एका अक्षराच्या जागी ठरविलेले दुसरे अक्षर लिहावयाचे. ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याला पोथी स्वच्छ मराठी. ज्याच्याजवळ नाही त्याला ती नुसती अक्षरांची रांग. परक्या हातांपासून ग्रंथ सुरक्षित राहावा, हा हेतू. आणि तो पुष्कळ अंशी सफलही झाला. परंतु त्याची किंमत मोठी पडली. महाराष्ट्रातील इतर मराठी वाचकांना आपल्याच भाषेतले पहिले गद्य शतकानुशतके दिसलेच नाही. ग्रंथ नष्ट झाला नव्हता. तो मठामठांत, कापडात बांधलेला, होता. फक्त वाचता येत नव्हता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी या लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे मांडली. मग काम भराभर पुढे गेले. यवतमाळात देशपांडे आणि नागपुरात हरि नारायण नेने ही दोन नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली. नेने यांनी १९३६-३७ साली ‘लीळाचरित्रा’चे भाग छापून आणले, वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली प्रत राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली. किल्ली सापडण्यापासून शुद्ध प्रत हाती येईपर्यंत सुमारे सत्तर वर्षे लागली, हे ध्यानात ठेवावे. लिप्यंतर हे कामाचे निम्मे अंग होय. ताडून पाहणे हे दुसरे निम्मे.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९९० च्या सुमारास गावोगावच्या छापखान्यांतून खिळ्यांच्या पेट्या हलल्या आणि संगणक आला. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा. स्मरणिका, गावाचे इतिहास, कवितासंग्रह, जातकुळीच्या वंशावळ्या संगणकावर जुळू लागल्या. त्या वेळी संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसविले. संगणक समजे की आपण इंग्रजी अक्षर साठविले. पडद्यावर आणि कागदावर दिसे मराठी. प्रत्येक उत्पादकाची खणांची मांडणी निराळी. थोडक्यात सांगावयाचे तर, एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर! सकळ लिपीचा हा दुसरा अवतारच म्हणावयाचा. फरक इतकाच की महानुभावांनी ती जाणूनबुजून केली आणि आपण न कळत केली. तो फॉन्ट संगणकावरून गेला, की घरातल्या वडीलधाऱ्यांनी दहा वर्षे खपून लिहिलेले पुस्तक रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा होऊन समोर येते. असा अनुभव या सभागृहातील पुष्कळांना आला असेल.

वास्तविक पाहता याची तोड आधीच निघाली होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सामाईक संकेतमान १९८८ साली तयार झाले आणि १९९१ साली भारतीय मानक ठरले. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांना एकेक कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठविला जातो, फॉन्ट कोणताही असो. किल्ली गुप्त नाही. ती जगजाहीर आहे.

तरी जुना मजकूर नव्या संकेतात आणणे केवळ अक्षराला अक्षर लावण्याइतके सोपे नाही. जुन्या फॉन्टात ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी साठविली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे ‘क’ नंतर येते. ‘धर्म’ या शब्दातील रफार फॉन्टात ‘म’ नंतर पडे. युनिकोडात ‘र’ हा ‘म’ च्या आधी असावा लागतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ तर खास मराठीचा. त्याची योजना न जाणणारे यंत्र ‘दर्या’ करून ठेवते आणि डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेले असते. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधू जाता एक सापडते आणि दुसरे सापडत नाही.

आता ई-पुस्तकाची रचना पाहू. मुख्य प्रकार तीन. पहिला पीडीएफ. १९९३ साली निघालेला हा नमुना २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. तो छापील पानाची हुबेहूब प्रतिमा जपतो. पण कोणते चिन्ह पानावर कोठे बसवावयाचे एवढीच त्याची मुख्य चिंता. म्हणून त्यातून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरे फुटतात आणि मात्रा भलतीकडे जातात. दुसरा ईपब. २००७ साली ठरलेले हे खुले मानक २०१७ पासून जागतिक जाळ्याची मानके ठरविणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली आले. ईपब म्हणजे एक गाठोडेच. सोडले की आत प्रकरणांची निरनिराळी पाने, चित्रे, मांडणीचे नियम आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी यादी सापडते. पोथीचे बासन सोडावे तसे. तिसरा प्रकार विशिष्ट विक्रेत्याच्या वाचनयंत्रासाठी बांधलेल्या पुस्तकांचा. किंडल हे यंत्र २००७ साली आले. त्याचा नमुना मोबीपॉकेट या जुन्या नमुन्यातून वाढला आणि त्याची सूत्रे एकाच व्यापारी कंपनीच्या हाती राहिली.

ज्या रूपात हे सारे आणावयाचे ते खुले दस्तऐवज मानक म्हणजे ओडीएफ. त्यातील लेखनाच्या प्रकाराला ओडीटी म्हणतात. २००५ साली ते संमत झाले आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. हेही एक गाठोडेच आहे. आत मजकूर वेगळा, मांडणी वेगळी, कर्त्याची व तारखेची माहिती वेगळी. त्याचे नियम छापून प्रसिद्ध आहेत. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी कोणीही जाणकार ते नियम वाचून तो मजकूर उघडणारे साधन नव्याने करू शकेल. भारत सरकारनेही २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, ते याच विचाराने.

प्रत्यक्ष कृती अशी. पॅनडॉक हे विनामूल्य साधन ईपबचे थेट ओडीटी करते. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते २००६ साली सुरू केले. त्याच वर्षी कोविद गोयल यांनी कॅलिबर सुरू केले. ते पुष्कळ नमुने वाचते. पण ओडीटी काढून देत नाही. म्हणून त्यातून आधी डॉक्स नमुना काढावा आणि तो लिबरऑफिसमध्ये उघडून ओडीटी म्हणून ठेवावा. पीडीएफ निव्वळ छायाचित्रांचा असेल तर टेसरॅक्टसारख्या अक्षर ओळखणाऱ्या साधनाचा आधार घ्यावा लागतो; ते मराठीही वाचते. मग खरे काम सुरू होते. मथळे मथळ्यांच्या जागी आले काय? ओवीच्या चार चरणांचा एक परिच्छेद तर झाला नाही ना? तळटीपा प्रकरणाच्या शेवटी पळाल्या काय? ई-पुस्तकात पानाला कायमचे अंग नसते. तेव्हा मूळ छापील प्रतीचे पृष्ठांक नोंदवून ठेवावेत, नाही तर पुढचा अभ्यासक संदर्भ देणार कशाचा? मूळ प्रत शेजारी ठेवून एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे. नेने-कोलते यांनी पोथ्या ताडल्या त्याच रीतीने. यंत्र लिप्यंतर करते. संपादन करीत नाही.

हे काम करताना अधिकाराचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राजवाडे १९२६ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ आज सर्वांचे आहेत. हयात लेखकाच्या पुस्तकाचे कुलूप तोडून ते वाटणे मात्र चोरीच होय. २०१२ च्या दुरुस्तीने अशा कुलूपतोडीला शिक्षा सांगितली. त्याच दुरुस्तीने एक मोठे दारही उघडले : अंध व अपंग वाचकांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणण्यास मुभा दिली. याच हेतूच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. पानाच्या चित्रातले पुस्तक अंध माणसाला मुके आहे. युनिकोडातला मजकूर संगणक त्याला वाचून दाखवू शकतो. खुल्या मजकुराच्या उपयोगाचा याहून रोकडा पुरावा कोणता?

आपल्या जिल्ह्यापुरते आणखी एक सांगावयाचे आहे. येथे मराठीबरोबर कोलामी, गोंडी, बंजारा या भाषा बोलल्या जातात. गोंडीच्या मसराम लिपीला युनिकोडात २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. कोलामीत लिहिलेले फारच थोडे आहे. एखाद्याने पांढरकवडा किंवा घाटंजीकडच्या पोडावरून गाणी, कहाण्या टिपून घेतल्या आणि त्या एका फॉन्टात, एका संगणकावर ठेवल्या, तर मराठीचे जे झाले तेच त्यांचे होईल. मराठीचे निदान पाठ तरी अनेक होते. कोलामीची दुसरी पोथी कोणत्याच मठात नाही.

म्हणून घरी गेल्यावर प्रत्येकाने एक करावे. आपल्या वडिलांचे, आजोबांचे, गावच्या मंडळाचे काही लिखाण जुन्या संगणकात वा तबकडीवर असेल तर ते यंत्र चालू आहे तोवरच उघडून पाहावे. कोणत्या फॉन्टात आहे ते लिहून ठेवावे. ते युनिकोडात आणावे, ओडीटी करून ताडावे आणि त्याच्या तीन प्रती तीन घरी ठेवाव्यात. छापखान्याला पुस्तक देताना छापील प्रतींबरोबर हा मजकूरही मागून घ्यावा. म्हाइंभटांचा ग्रंथ गेला तेव्हा तो पाठ असलेली माणसे होती. आपल्या पुस्तकांना पाठ करून ठेवणारे आता कोणी नाही.