केडगावचा भरवसा: प्रार्थना, हुन्नर आणि हिशेब

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव हे लहानसे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंनी १८९५च्या सुमारास इथे शंभरएक एकर जमीन घेतली आणि पुढच्या काही वर्षांत त्या माळावर निराधार मुली व विधवांसाठीचे मुक्तिसदन उभे राहिले. मराठी ख्रिस्ती समाजात देवावरच्या भरवशाचा विषय निघाला की केडगावचे नाव हमखास निघते, आणि बहुधा चमत्काराच्या भाषेत निघते: कोठीतले धान्य संपत आले, बायका गुडघे टेकून बसल्या, आणि मदत दारात आली. भक्तीला ही गोष्ट पुरेशी असेल, इतिहासाला नाही. केडगावच्या भरवशाचा उगम दुष्काळात होता. म्हणूनच कष्ट, हुन्नर आणि हिशेब हे त्याचे अंगच होते, असे मला वाटते. रोजच्या ओढाताणीत देवावर विसंबणे म्हणजे नेमके काय, याचे मराठी मातीतले सर्वांत तपशीलवार उत्तर म्हणून या संस्थेकडे पाहता येते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि कमालीचे श्रद्धावान होते. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, पण धर्मावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. कुटुंब तीर्थांमागून तीर्थे करीत फिरत राहिले, पुराणे सांगत राहिले, आणि जवळची पुंजी दानधर्मात, व्रतांत सरत गेली. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा घरात काहीच उरले नव्हते. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. १८९७ साली रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले, तेव्हा त्यांनी केवळ दुःख सांगितले नाही, कारणही शोधले. शास्त्रांपलीकडचे काहीच शिकवले नसल्यामुळे अंगमेहनत जमत नव्हती, आणि कुलाच्या अभिमानापायी हात पसरवत नव्हता. श्रद्धा होती, हुन्नर नव्हता. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची श्रद्धा नव्या आधारावर उभी राहिली. पण उपासमारीने शिकवलेला हा धडा तसाच राहिला. केडगावात प्रत्येक मुलीच्या हाताला काम देण्याचा जो आग्रह दिसतो, त्याची मुळे इथे आहेत.

माणसांचा आधार किती काळ टिकतो, हेही रमाबाईंनी जवळून पाहिले. विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले, आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळावर होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी घेतलेली सदनाच्या खर्चाची जबाबदारीही दहाच वर्षांची होती आणि ती १८९८ साली संपणार होती. याच काळात रमाबाईंच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र आले. ठरलेले उत्पन्न नसताना, कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर त्याने हजारो अनाथ मुले सांभाळली होती. असे हिंदुस्थानात घडेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. मात्र केडगावची जमीन घेताना त्यांचा हिशेब अगदी व्यवहारी होता: फळबाग लावायची, आणि अमेरिकेची मदत थांबेल तोवर संस्थेला स्वतःचे उत्पन्न सुरू करायचे.

झाडे मोठी होण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ साली रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे नव्याने आलेल्यांना केडगावच्या माळावरच उतरवावे लागले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या आणि सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांची सोय नुसत्या प्रार्थनासभांनी झाली नसती. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि गुरे वाढवली गेली. विणकाम, शिवण, स्वयंपाक, तेलाचा घाणा, छापखान्यातली खिळे जुळवणी अशी कामे बायकांच्या हाती आली. आंधळ्या मुलींना ब्रेल आणि विणकाम शिकवले गेले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन आणि म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन निघाले. रोजच्या भाकरीची मागणी करायला प्रभूने शिकवले, ती मागणी इथे शब्दशः रोजची होती. आणि ती करणारीच उठून जात्यावर बसत होती.

इथे पहिला आक्षेप येतो: हा भरवसा देवावर की परदेशी देणगीदारांवर? आक्षेप खोटा नाही. पैसा मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतून येत होता. १८९८ साली रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, आणि शारदा सदनासाठी तिथे मंडळ नव्याने उभे राहिले. पुढे त्या पत्रके काढून संस्थेच्या गरजा जगाला कळवीत राहिल्या. म्यूलरचा कुणाकडे न मागण्याचा दंडक त्यांनी काटेकोर पाळला, असे म्हणता येणार नाही. पण म्यूलरही दरवर्षी आपले अहवाल छापून जमाखर्च लोकांपुढे मांडत असे. दोघांच्या बाबतीत महत्त्वाचे हे, की येणाऱ्या पैशाची हमी कुणीच दिलेली नव्हती, तरी दारात आलेल्या मुलीला परत पाठवले जात नव्हते. देणगीची खात्री झाल्यावर मुली आणायच्या, असे ठरले असते, तर १९००च्या दुष्काळात बहुतेकींना दार बंद दिसले असते. आधी जबाबदारी घ्यायची आणि मग साधन शोधायचे, हा क्रम श्रद्धेतून आला. साधन शोधण्याची पद्धत व्यवहारातून.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. उपाशी मुलीला भाकरी देऊन आपल्या धर्मात घेणे, याला विश्वास म्हणायचे की संधी साधणे? त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांनी हे कडक शब्दांत विचारले, आणि प्रश्न आजही रास्त आहे. निराधार मुलीपुढे खरी निवड फार थोडी होती. रमाबाईंचा धर्मोत्साह उघड होता. १९०५ साली मुक्तिसदनात आलेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत तो आणखी पेटला. हे मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या मुलींच्या हाती अक्षरओळख आणि कमाईचे साधन आले, म्हणजे सदन सोडून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ताकद आली. केवळ अंकित ठेवायचे असते, तर भाकरी पुरली असती.

तिसरा आक्षेप असा, की देवावर हवाला टाकणारा माणूस अन्यायापुढे मान तुकवतो. केडगावचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या सदनातल्या एका मुलीची झालेली परवड रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केली. ख्रिस्ती सरकार म्हणून त्यांनी गय केली नाही. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने आरोप नाकारले, तरी रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. ज्या सरकारी अधिकाऱ्यांची परवानगी पावलोपावली लागत होती, त्यांच्याविरुद्ध असे लिहिणे सोयीचे नव्हते. शेवटचा आधार सरकार नाही, अशी मनाची खात्री असल्याशिवाय हे धैर्य येत नाही.

प्रत्येक प्रार्थनेला हवे तेच उत्तर मिळाले, असे मात्र केडगावच्या नोंदींवरून कुणी सिद्ध करू नये. दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली अशक्तपणाने आणि रोगांनी दगावल्या. जिच्यावर संस्थेची सूत्रे सोपवायची होती, ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तरीही हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्याचे रमाबाईंचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. भाषांतर १९२४ साली सदनातल्या बायकांच्याच छापखान्यातून बाहेर पडले. भरवशाची परीक्षा मागितले ते मिळण्यात होते की न मिळाल्यावर हातातले काम चालू राहण्यात, याचा निवाडा या नोंदींवरूनच होतो. केडगावची आठवण चमत्कारांची यादी म्हणून सांगणाऱ्यांनी तिथल्या विहिरी, माग आणि जमाखर्चाच्या वह्याही सांगाव्यात. त्यांच्यावाचून ती साक्ष अर्धीच राहते.