सुट्टीत आलेलं राज्य

गेल्या महिन्यात नातीचा पुण्याहून फोन आला. धाकट्याकडे परदेशी जायचं घाटतंय, म्हणून माझा पासपोर्टचा फॉर्म ती तिकडे बसून कॉम्प्युटरवर भरत होती.

"आजी, जन्मगाव?"

"बेळगाव."

"राज्य?"

मी गप्पच. तिला वाटलं फोन कट झाला.

"अगं आजी, राज्य सांग की. इथे यादीतून निवडायचंय."

माझा जन्म १९४७ च्या मार्चातला. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि देशावर इंग्रजांचं राज्य होतं. आता नातीच्या यादीत मुंबई इलाखा कुठून सापडणार? :) शेवटी तिला म्हटलं, कर्नाटक टाक. तिने टाकलं आणि हसत विचारलं, "म्हणजे तू कानडी का ग?"

मंडळी, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. पहिल्यांदा विचारला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मलकापूरच्या शाळेत नवीन होते. आज त्याचीच गोष्ट सांगते. पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण हा इतिहास वर्गात कधी सांगितला नाही.

आमचं मूळ घर मलकापूरचं. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडीजवळ हे छोटं गाव लागतं. ही विशाळगडकर पंतप्रतिनिधींची जहागीर. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचं बंड झालं. त्यानंतर इंग्रजांनी गडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचं ठाणं गडावरून खाली मलकापुरात आलं. माझी आजी (अण्णांची आई) इथेच जन्मली, इथेच नांदली. माझे वडील, म्हणजे अण्णा, शिकायला म्हणून बेळगावला गेले आणि तिथल्याच एका मराठी शाळेत मास्तर झाले. आईचं माहेर बेळगावच. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी जन्मलो, वाढलो तिकडेच. आजी वर्षातून एकदा दिसायची.

बेळगावच्या आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती, दोन मराठी आणि दोन कानडी. आई दोन्ही भाषा सारख्याच बोलायची. शेजारच्या काकूंकडे पीठ मागताना ती मराठीतून सुरुवात करायची आणि भांडं परत देईतो कानडीत पोचलेली असायची. कोणती भाषा कुठे सुरू झाली हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग १९५५-५६ चे दिवस आले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात बेळगाव कर्नाटकाच्या बाजूला टाकलं होतं. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली आणि मुंबई पेटली. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावातही गोळीबार होऊन माणसं गेली. तो दिवस तिथे आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. मला आठवतं ते एवढंच, की शाळा मध्येच सोडली, आईने भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि अण्णा दिवेलागण झाली तरी आले नाहीत. आले तेव्हा जेवले नाहीत. शेजारच्या कानडी काकूंनी त्या रात्री आमच्याकडे भात-सार पाठवलं होतं, हेही आठवतं.

त्या रात्रीनंतर अण्णांच्या मनाने घेतलं की आता आपल्या गावी जायचं. आजी एकटी होती, थोडी भातशेती होती, तालुक्यात शाळेवर जागा मिळत होती. पगार कमी होता आणि इतक्या वर्षांची ज्येष्ठता सोडावी लागणार होती. तरी त्यांनी ठरवलं. पहिली सहामाही संपली की दिवाळीच्या सुट्टीत बिऱ्हाड हलवायचं, म्हणजे मुलींची शाळा बुडणार नाही. मास्तरच ते!

आईला कुणी विचारलं का? माझ्या आठवणीत तरी नाही. त्या काळी तशी पद्धतही नव्हती.

सोमवार, २९ ऑक्टोबर १९५६. दोन ट्रंका, एक वळकटी, पितळेच्या भांड्यांचं पोतं आणि आम्ही चौघं. संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर करत एस.टी.ने रात्री मलकापूरला पोचलो. नव्या हद्दीच्या खुणा कुठे दिसतात का म्हणून मी निपाणीपासून खिडकीला डोकं लावून बसले होते. काहीच दिसलं नाही. उसाचे फड अलीकडे होते तसेच पलीकडे.

तीन दिवसांनी, गुरुवारी १ नोव्हेंबरला, नवी राज्यं अस्तित्वात आली. पंचांगात त्या दिवशी नरकचतुर्दशी होती! पहाटे आजीने चुलीवर हंडा तापवला, आम्हा दोघींना उटणं लावलं, तुळशीपुढे कारीट फोडायला लावलं. अंगणात अजून अंधार होता. अण्णा ओल्या केसांनी बाहेर येऊन म्हणाले, "आई, आजपासून राज्य बदललं बरं का."

आजीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि विचारलं, "सारा कुठं भरायचा? तेवढं सांग बाबा."

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढे इतिहास शिकवताना मला कळलं, की आजीचा प्रश्न अगदी नेमका होता. ती जन्मली तेव्हा जहागीर होती आणि जहागिरीच्या वर कोल्हापूर संस्थान. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५६ ला द्वैभाषिक आलं आणि १९६० ला महाराष्ट्र. गाव न सोडता ती चार राज्यांत राहून गेली. प्रत्येक वेळी तिच्या दारात बदलला तो फक्त सारा मागायला येणारा माणूस.

आणि अण्णा ज्या राज्यासाठी बिऱ्हाड घेऊन आले, ते तरी कुठे त्यांना हवं तसं मिळालं? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळालाच नाही. मिळालं ते द्वैभाषिक मुंबई राज्य. मध्य प्रदेशातून विदर्भ आला, हैदराबादेतून मराठवाडा आला, हे चांगलंच झालं. पण सोबत गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छही. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला माणूस म्हणून आमच्याकडे कौतुक होतं, आणि द्वैभाषिक चालवायला बसला म्हणून रागही होता. कोल्हापूर जिल्हा तर समितीचा बालेकिल्ला, भाई माधवराव बागलांचा मुलूख. आमच्या घरातला नकाशाच बघा ना. हजार किलोमीटरपलीकडचं भूज आमच्या राज्यात, आणि सकाळच्या एस.टी.ने निघालं तर संध्याकाळी पोचावं ते बेळगाव परराज्यात!

रविवारी, ४ नोव्हेंबरला, भाऊबीज. मामा बेळगावहून कुंद्याचा डबा घेऊन आला. अण्णा गमतीने म्हणाले, "या, म्हैसूर राज्याचे पाहुणे." सगळे हसले. आई हसली नाही. ओवाळताना तिच्या हातातलं निरांजन हललेलं मी पाहिलं.

आईची एक बहीण चंदगडला दिली होती. पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना 'चंदगड तालुका वगळून' असे तीन शब्द आहेत. तेवढ्या तीन शब्दांनी मावशी मुंबई राज्यात राहिली आणि तिचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात आलं. एका आईची तीन लेकरं. दोघी बहिणी इकडे, भाऊ तिकडे. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला आधीही बेळगावला जायची आणि नंतरही जातच राहिली. नकाशाने पायवाटा बदलत नाहीत. मनात मात्र काहीतरी बदलतं खरं.

सुट्टी संपली आणि मी नव्या शाळेत गेले. माझी मराठी बेळगावची. वाक्याच्या शेवटी 'की' आणि 'बे' हमखास. वर्गातल्या पोरींनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी नाव ठेवलं, 'कानडी'. एकीने सरळच विचारलं, "तू कानडी काय ग?" मी रडत घरी आले. मराठी म्हणून राहता यावं यासाठी आम्ही बेळगाव सोडलं, आणि इथे येऊन मी कानडी झाले! अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "दोन महिने थांब." त्यांचं बरोबर होतं. संक्रांतीपर्यंत मी 'बे' म्हणायचं विसरले. एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, आणे-पैचं गणित सगळ्यांचंच चुकायला लागलं, आणि मग मीही बाकीच्या मुलींसारखीच एक झाले.

आईचं तसं झालं नाही.

बाजारपेठेत एका लिंगायत कुटुंबाचं दुकान होतं. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी तिकडच्या, कानडी बोलणाऱ्या. आईला त्या कशा सापडल्या देव जाणे. मीठ नाहीतर काड्यापेटी आणायला म्हणून आई निघायची आणि तासाभराने परतायची. आजीला शंका आली. तिने मला पाठवलं, काय चाललंय बघून ये म्हणून. मी पाहिलं तर दोघी मागच्या सोप्यात बसून शेंगा फोडत कानडीत बोलत होत्या. आई हातवारे करत होती, हसत होती. घरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. घरी येताना मी विचारलं, "काय बोलत होता?" ती म्हणाली, "काही नाही ग. सासवांची गाऱ्हाणी." आणि पुन्हा हसली. सासूची गाऱ्हाणी करायला याहून सुरक्षित भाषा मलकापुरात नव्हती, हेही खरंच! आजीला मी सांगितलं, "मिठाचा भाव विचारत होती."

तीन-चार वर्षांनी त्या आजी वारल्या. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या थोडं आधी. तोही रविवार, तीही सुट्टीच, उन्हाळ्याची. गावात पताका लागल्या, पेढे वाटले, अण्णांनी माझ्या आणि बहिणीच्या हातात एकेक पेढा ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. आईनेही देवापुढे साखर ठेवली. तिलाही आनंद झालाच होता, खोटं कशाला सांगू. पण त्या आजी गेल्यानंतर आईच्या तोंडून कानडी शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही. आम्ही दोघी बहिणीही ती भाषा विसरलो. अण्णांनी भाषेसाठी गाव बदललं आणि त्या बदलात घरातली एक भाषा गेली. तिचा हिशेब कुठल्या आयोगाच्या अहवालात नाही.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो मानला नाही. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. १ नोव्हेंबर हा दिवस तिकडे सरकार राज्योत्सव म्हणून साजरा करतं आणि बेळगावची मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळतात. त्यांचं दुःख खरं आहे, आणि माझा मामा जन्मभर त्यांच्यातलाच एक होता. मी त्यांच्याच बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण वर्गात मी हे सगळं फळ्यावर सनावळ्या मांडून शिकवलं आणि आईचं नाव कुठे घातलं नाही. मी शिवाजी विद्यापीठाची बी.ए., इतिहास घेऊन पास झालेली. मला वाटायचं इतिहास म्हणजे राज्यं. राज्यात कोण कसं राहायला आलं, येताना काय मागे ठेवून आलं, हे परीक्षेत येत नव्हतं. म्हणून मीही शिकवलं नाही. ही चूक माझी.

असो.

नातीने पुन्हा विचारलं, "बोल ना, कानडी का तू?" म्हटलं, नाही ग. पण माझी आई अर्धी होती. ती म्हणाली, "फॉर्ममध्ये अर्धीला जागा नाही." म्हटलं, मग राहू दे.

तुमच्याही घरात कुणी आत्या, आजी, मामी असं राज्य बदलून आली असेल. सीमेवरची, मराठवाड्यातली, गोव्याकडची. अजून हयात असेल तर तिला विचारून ठेवा, आणि मला जरूर कळवा.