बिडाचा सिलिंडर आणि लेथचे गाळे
वसई पूर्वेकडील सातिवलीचा परिसर लघुउद्योगांच्या गाळ्यांसाठी ओळखला जातो; जुन्या मोटारसायकली स्वतः सांभाळून त्यांवर दूरचे प्रवास करण्याची परंपरा महाराष्ट्रात कशी टिकली, हे समजून घेताना मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या अशा औद्योगिक वस्त्यांतील लेथ, म्हणजे धातू फिरवून कातणारे यंत्र, विचारात घ्यावेच लागते.

या परंपरेच्या केंद्रस्थानी एन्फिल्डची बुलेट ही मोटारसायकल आहे. ती मुळात बनवणारी रेडिच येथील इंग्लिश कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. आरंभी आयात भागांची जुळणी करणाऱ्या या कंपनीच्या गाडीचे सर्व भाग 1962 पर्यंत भारतात बनू लागले आणि पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला तरी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये तीच रचना अनेक दशके जवळजवळ तशीच राहिली. या स्थैर्याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यामुळेच एका पिढीने शिकलेली दुरुस्ती पुढच्या पिढीच्या कामी आली. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, मोकळीक थंड इंजिनावर तपासताना पुश-रॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, ही कसोटी मालकाला दोन पान्यांच्या आधारे घरीच लावता येई. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासून त्यांतील फट पुन्हा जुळवणेही रस्त्याच्या कडेला शक्य होते. म्हणूनच लांबच्या प्रवासात क्लचची केबल, प्लग, पॉइंट आणि चेनची कडी सोबत बाळगण्याची शिस्त रूढ झाली.

म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून बनवलेल्या जावा आणि नंतरच्या येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत टॅपेटच नव्हते. तेथे सायलेन्सरमधील काजळी खरवडणे हे मालकाचे नेहमीचे काम असे. 1996 मध्ये तो कारखाना बंद झाल्यावर सुट्या भागांसाठी या मालकांची भिस्त पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारांवर राहिली.

मालकाचे हात जेथे थांबत, तेथे लेथचे काम सुरू होई. 350 सीसी बुलेटच्या बिडाच्या सिलिंडरचा मूळ व्यास 70 मिलिमीटर. तो झिजला की ‘बोअर मारून’, म्हणजे आतून कातून, वीस किंवा चाळीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा पिस्टन बसवला जाई, आणि कातण्याजोगी भिंतच उरली नाही, तर आत नवी स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, ठोकून व्यास पुन्हा 70 मिलिमीटरवर आणला जाई.